फोटो एडिट करून वेबपेजवर लावताना क्रम कुठे चुकतो: पहिल्या फोल्डरपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

बरेच जण फोटो एडिटिंग एकीकडे शिकतात, एचटीएमएल-सीएसएस दुसरीकडे शिकतात, आणि दोन्ही बऱ्यापैकी येत असूनही पान उघडलं की फोटो ताणलेला दिसतो, नाहीतर धूसर दिसतो, नाहीतर कितीतरी वेळ लोडच होत राहतो. मग सॉफ्टवेअर बदलून बघतात, नवीन ट्युटोरियल शोधतात. पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. फोटो उघडला की हात थेट फिल्टरकडे जातो, मग रंग, मग मनाला येईल तसा क्रॉप, मग सेव्ह, आणि हा फोटो पानावर नेमका किती मोठा दिसणार आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो. तो सगळ्यात आधी पडायला हवा, कारण क्रॉप, साईज, शार्पनिंग, फाईलचा प्रकार हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: एक साधं पान, वर एक मोठा फोटो, त्याखाली तीन छोटी कार्डं, प्रत्येकात एक फोटो, आणि कोपऱ्यात लोगो. मेनूची नावं गिंपमधली दिली आहेत कारण ते फुकट मिळतं, पण फोटोशॉप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरत असाल तरी क्रम हाच.

## १. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी फोल्डर लावा

तीन फोल्डर करा. एकात मूळ फोटो, दुसऱ्यात काम चालू असलेल्या फाईल, तिसऱ्यात वेबसाठी तयार झालेल्या फाईल. मूळ फोटोच्या फोल्डरमधली फाईल उघडायची, पण तिच्यावर परत सेव्ह कधीच करायचं नाही.

हे एवढं ठासून सांगायचं कारण जेपीजी. जेपीजीमध्ये प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह करताना चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांमध्ये मोडून त्यातला काही तपशील टाकून दिला जातो आणि तो परत आणता येत नाही. नुसती फाईल कॉपी केली किंवा उघडून पाहिली तर काही होत नाही, पण उघडली, थोडं बदललं, सेव्ह केलं, परत उघडली, परत सेव्ह केलं असं चार-पाचदा झालं की आकाशात चौकोनी डाग आणि अक्षरांच्या कडेला घाण दिसायला लागते. म्हणून मधलं काम सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं, गिंपमध्ये एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी. लेयर शाबूत राहतात आणि आठवड्याने कोणी म्हणालं "जरा उजेड वाढव" तर सुरुवातीपासून बसावं लागत नाही.

फोटो दुसऱ्याकडून घेताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, तो आकाराने लहान आणि दाबलेला येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि आयफोनवरून आलेली फाईल एचईआयसी असेल तर ती बऱ्याच ब्राउझरमध्ये दिसतच नाही, तेव्हा ती शेवटी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढायचीच आहे हे आत्ताच लक्षात ठेवा.

सावधान: नेटवर सापडलेला फोटो म्हणजे वापरायला मोकळा फोटो नव्हे. सरावासाठी स्वतःचे फोटो घ्या, किंवा ज्यावर परवाना स्पष्ट लिहिलाय असेच घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही प्रकार आहेत, काहींमध्ये नाव देणं सक्तीचं असतं, काहींमध्ये बदल करायला मनाई असते. कुठून घेतला ते त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

## २. आधी चौकट मोजा

कागदावर पानाचं रफ चित्र काढा, दोनदा. एकदा कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं, एकदा मोबाईलचं. प्रत्येक फोटोच्या चौकटीत रुंदी, उंची आणि प्रमाण लिहा.

आपल्या उदाहरणात पानातल्या मजकुराची जास्तीत जास्त रुंदी १२०० पिक्सेल धरू. वरचा मोठा फोटो १६:९ प्रमाणात, म्हणजे १२०० बाय ६७५. कार्डातले फोटो ३:२ मध्ये, ३६० बाय २४०. मोबाईलवर तिन्ही कार्डं एकाखाली एक येतील, म्हणजे प्रत्येक कार्ड जवळपास स्क्रीनभर होईल.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. सीएसएसमधला पिक्सेल आणि स्क्रीनवरचा खरा पिक्सेल हे एकच नसतात. आजच्या बहुतेक मोबाईलमध्ये सीएसएसच्या एका पिक्सेलच्या जागी खरे पिक्सेल आडवे दोन-तीन आणि उभे दोन-तीन असतात. म्हणून ३६० ची चौकट असेल आणि फोटोही बरोब्बर ३६० चाच दिला तर तो तिथे मऊ, धूसर दिसतो. सरळ हिशोब ठेवा: चौकटीच्या दुप्पट. कार्डासाठी ७२० बाय ४८०. वरच्या फोटोसाठी २४०० बाय १३५० आणि सोबत एक १२०० बाय ६७५ ची लहान आवृत्ती, ज्या स्क्रीनला मोठी नको तिला लहान मिळावी म्हणून. तिप्पट करायची गरज नसते, फोटोमध्ये दुप्पट आणि तिप्पट ह्यातला फरक डोळ्याला क्वचितच कळतो आणि फाईल मात्र फुगते.

आणि डीपीआय, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके. "वेबसाठी ७२ डीपीआय ठेवा" हे वाक्य अजूनही शिकवलं जातं आणि त्यावर तास वाया जातात. ब्राउझर तो आकडा बघतच नाही. १२०० पिक्सेल रुंद फोटोवर ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, पानावर तो सारखाच दिसणार आणि फाईलही जवळपास तेवढीच राहणार. तो आकडा छपाईसाठी आहे. वेबसाठी फक्त पिक्सेल मोजा.

तपासा: प्रत्येक चौकटीसमोर प्रमाण आणि शेवटची पिक्सेल रुंदी लिहिलीये का? नसेल तर पुढे जाऊ नका, पुढचं सगळं ह्यावर उभं आहे.

## ३. सरळ करा, मग क्रॉप

फोटोतली क्षितिजाची रेघ किंवा भिंत वाकडी असेल तर आधी ती सरळ करा, कारण फिरवल्यावर कोपरे रिकामे होतात आणि ते क्रॉपमध्येच जायचे असतात. उलट केलं तर दोनदा क्रॉप करावं लागतं.

क्रॉप टूलमध्ये प्रमाण लॉक करायची सोय असते, गिंपमध्ये टूलच्या पर्यायांमध्ये 'फिक्स्ड' वर टिक करून १६:९ टाइप करा. मोबाईलचा फोटो बहुतेक ४:३ असतो, समजा ४००० बाय ३०००, तर १६:९ मध्ये तो ४००० बाय २२५० होतो, म्हणजे उंचीतला पाव भाग जातो. डोकं कापलं जातंय का, पाय कुठे तुटतायत, हे आत्ता बघायचं, पान तयार झाल्यावर नाही. फोटो काढणारे तुम्हीच असाल तर चौकटीचं प्रमाण आधी माहीत असल्याचा फायदा असा की वर-खाली मोकळी जागा सोडूनच फोटो काढता येतो.

सावधान: क्रॉप, स्केल आणि कॅनव्हास साईज ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रॉप कापतं. स्केल अख्खं चित्र लहान-मोठं करतं. कॅनव्हास साईज फक्त कागद लहान-मोठा करतं, चित्र तसंच राहतं. फोटो अर्धा गायब झाला किंवा भोवती रिकामी पट्टी आली तर बहुतेक ह्यातलं चुकीचं निवडलेलं असतं.

## ४. उजेड आधी, रंग नंतर

आता कुठे एडिटिंग. ह्यातही क्रम आहे: व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची झाक काढणं), मग उजेड-अंधार, मग रंगांचा गडदपणा म्हणजे सॅच्युरेशन. फोटो पिवळट असताना सॅच्युरेशन वाढवलं तर पिवळटपणाच वाढतो, आणि मग त्याला निळा टाकून मारायचा, मग चेहरा राखाडी होतो, असं फिरत बसावं लागतं.

व्हाइट बॅलन्ससाठी फोटोत जे खरोखर राखाडी किंवा पांढरं आहे ते शोधा, कागद, पांढरा शर्ट, सिमेंटची भिंत. लेव्हल्स (उजेड-अंधार जुळवायची खिडकी) मधल्या राखाडी पिकरने तिथे क्लिक करा, रंगाची झाक बऱ्यापैकी जाते. एकदम भडक पांढऱ्यावर क्लिक करू नका, तिथे कॅमेऱ्याने माहितीच नोंदवलेली नसते.

मग लेव्हल्समध्येच हिस्टोग्राम बघा, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत ते दाखवणारा डोंगरासारखा आलेख. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. डोंगर दोन्ही कडांपासून लांब असेल तर फोटो फिका दिसतो, तेव्हा दोन्ही टोकांचे त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणा. पायथ्याच्या आत घुसलात की तिथला तपशील सपाट पांढरा किंवा सपाट काळा होतो. मधला त्रिकोण एकूण उजेडासाठी. 'ब्राइटनेस' च्या स्लायडरपेक्षा हा मार्ग बरा, कारण काय होतंय ते दिसतं.

सगळे बदल शक्य तिथे वेगळ्या लेयरवर करा. फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर असतात, गिंपमध्ये २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून बरेचसे फिल्टर नंतर बदलता येतील असे लावता येतात. जुनी आवृत्ती असेल तर लेयर डुप्लिकेट करून त्यावर काम करा.

तीन कार्डांचे फोटो एकत्र उघडून शेजारी शेजारी ठेवा. सुटा सुटा छान दिसणारा फोटो पानावर दुसऱ्या दोघांच्या बाजूला विचित्र दिसू शकतो, एक थंड, एक उबदार, एक अंधारा. वेब डिझाईनमध्ये एका फोटोच्या सौंदर्यापेक्षा सगळ्यांचा सूर जुळणं जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि नवीन मंडळींचं पान कच्चं दिसतं ते बहुतेक ह्याच एका गोष्टीमुळे. तिघांमध्ये जो सगळ्यात साधा आहे त्याच्याकडे बाकी दोन आणा, भडक असलेल्याकडे नको.

डाग काढणं, तार पुसणं हे हील किंवा क्लोन टूलने, मूळ मोठ्या साईजवरच करा. पार्श्वभूमी काढायची असेल तर इरेझर वापरू नका, लेयर मास्क वापरा, तो भाग पुसत नाही, नुसता झाकतो, म्हणजे चुकून जास्त गेलेलं परत आणता येतं. कापलेलं चित्र एकदा पांढऱ्यावर आणि एकदा गडद रंगावर ठेवून बघा. पांढऱ्यावर न दिसणारी फिकट किनार गडदवर लगेच दिसते.

## ५. लहान करा, मग शार्प करा

काम चालू असलेली फाईल आधी सेव्ह करा. मग तिची डुप्लिकेट काढा आणि पुढचं सगळं डुप्लिकेटवर.

गिंपमध्ये इमेज मेनूत स्केल इमेज. रुंदी-उंचीच्या मधली साखळी जोडलेली हवी, म्हणजे एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. क्रॉप बरोबर केला असेल तर रुंदी २४०० टाकल्यावर उंची स्वतःच १३५० येईल. नाही आली तर तिसऱ्या टप्प्यात प्रमाण चुकलंय, साखळी तोडून जबरदस्तीने १३५० करू नका, माणसं रुंद किंवा उंच व्हायला लागतात ती तिथेच.

लहान फोटो मोठा करून चालत नाही. ६०० पिक्सेलचा फोटो २४०० ला ताणला तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. तेवढा फोटोच नसेल तर पानावरची चौकट लहान करा किंवा दुसरा फोटो घ्या.

लहान केल्यावर फोटो जरा मऊ पडतो. आता शार्पन करायचं, आधी नाही, कारण शार्पनिंग कडेच्या पिक्सेलवर काम करतं आणि साईज बदलली की ते पिक्सेलच बदलतात. झूम बरोबर १०० टक्के ठेवा. अनशार्प मास्क (नाव उलटं असलं तरी हे शार्प करायचंच फिल्टर) हलक्या हाताने, आणि इमारतीच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की मागे या.

## ६. एक्सपोर्ट: फाईलचा प्रकार, वजन, रंग, नाव

फोटो असेल तर जेपीजी किंवा वेबपी (वेबसाठीच बनवलेला फॉरमॅट). स्क्रीनशॉट, सपाट रंगांचं चित्र, पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर पीएनजी किंवा वेबपी. लोगो, आयकॉन हे इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये काढले असतील तर एसव्हीजी, ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. जिफमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, फोटोसाठी ते विसरा. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते, म्हणून कापलेला लोगो जेपीजीत काढला की मागे चौकोन येतो, आणि "पारदर्शक केलं होतं तरी पांढरं दिसतंय" ह्या तक्रारीचं कारण बहुतेक हेच.

फाईलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. आतली माहिती तीच राहते. फॉरमॅट एक्सपोर्ट करूनच बदलतो. गिंपमध्ये 'सेव्ह' फक्त एक्ससीएफ देतं, बाकी सगळ्यासाठी 'एक्सपोर्ट ॲज'.

जेपीजीची क्वालिटी ७५ ते ८५ च्या मध्ये ठेवून प्रीव्ह्यू बघत खाली या. एका सॉफ्टवेअरमधलं ८० आणि दुसऱ्यातलं ८० सारखं नसतं, त्यामुळे आकड्यापेक्षा डोळ्यावर आणि फाईलच्या वजनावर विश्वास ठेवा. कार्डाचा फोटो शंभर केबीच्या आत आणि मोठा फोटो तीन-चारशे केबीच्या आत बसवायचा प्रयत्न करा. पाने-गवत-गर्दी असलेला फोटो जास्त जागा खातो, धुकं आणि मोकळं आकाश कमी, म्हणून सगळ्यांना एकच क्वालिटी लावू नका.

नुसतं वजन कमी करूनही भागत नाही. ४००० बाय ३००० चा फोटो दाबून दाबून ३०० केबी केला तरी ब्राउझरला दाखवताना तो पूर्ण उलगडावा लागतो, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४ कोटी ८० लाख बाइट, जवळपास ४८ एमबी मेमरी, एका फोटोला. साध्या मोबाईलवर पान अडखळत सरकतं ते ह्यामुळे. पिक्सेल कमी करणं आणि दाबणं, दोन्ही लागतं.

रंगाचं प्रोफाइल एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) करा. इथे दोन पर्याय दिसतात, असाइन आणि कन्व्हर्ट. तुम्हाला कन्व्हर्ट हवंय, त्यात रंग जसे दिसतायत तसे ठेवून आकडे बदलले जातात. असाइन केलं तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात. छपाईच्या कामातून आलेली फाईल सीएमवायके असेल तर तीही आरजीबीत आणा.

एक्सपोर्टच्या खिडकीत एक्झिफ माहिती काढून टाका. मोबाईलच्या फोटोत बरेचदा तो कुठे काढला ती जागा अक्षांश-रेखांशासकट लिहिलेली असते, घरचा फोटो पानावर टाकला तर घराचा पत्ताच टाकल्यासारखं होतं.

नावं इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये स्पेसऐवजी आडवी रेघ, शेवटी रुंदीचा आकडा. हे फक्त टापटिपीसाठी नाहीये. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं, पण बरेचसे वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे मोठ्या अक्षरातलं नाव आणि लहान अक्षरातलं नाव ह्या दोन वेगळ्या फाईल असतात. "माझ्या कॉम्प्युटरवर दिसतंय, अपलोड केल्यावर दिसत नाही" ह्यामागे बरेचदा एवढंच असतं.

तपासा: वेबच्या फोल्डरमधली प्रत्येक फाईल सरळ ब्राउझरमध्ये ओढून टाका. उघडते का, रंग बरोबर आहेत का, आडवी पडली नाही ना.

## ७. एचटीएमएलमध्ये लावा

सगळ्यात आधी पानाच्या डोक्यात दोन ओळी आहेत का बघा: कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आणि व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग. पहिली नसेल तर मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात. दुसरी नसेल तर मोबाईल पान मोठ्या स्क्रीनचं समजून आखडून दाखवतो आणि तुम्ही सीएसएसमध्ये चूक शोधत बसता.

आयएमजी टॅगमध्ये चार गोष्टी हव्यातच: सोर्स, ऑल्ट, विड्थ, हाइट.

सोर्समध्ये पानाच्या फाईलपासूनचा रस्ता लिहा, फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाईलचं नाव. तुमच्या सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहिला तर तो फक्त तुमच्याच मशीनवर चालेल.

विड्थ आणि हाइटमध्ये नुसते आकडे, पुढे पीएक्स लिहायचं नाही. हे दिले की ब्राउझर फोटो यायच्या आधीच तेवढी जागा राखून ठेवतो. नाही दिले तर वाचता वाचता मजकूर धाडकन खाली सरकतो आणि माणूस भलत्याच बटणावर क्लिक करतो.

ऑल्टमध्ये फोटोत काय आहे ते एका वाक्यात, ज्याला फोटो दिसत नाही अशा माणसाला फोनवर सांगाल तसं. "फोटो १" किंवा फाईलचं नाव लिहू नका. निव्वळ शोभेचं चित्र असेल तर ऑल्ट लिहा पण रिकामा ठेवा, अख्खा गाळलात तर काही स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर) फाईलचं नाव वाचत बसतात.

मोठ्या फोटोच्या दोन आवृत्त्या सोर्ससेटमध्ये द्या, प्रत्येकीपुढे तिची खरी रुंदी. सोबत साइझेसही लिहा, म्हणजे चित्र पानावर किती रुंद दिसणार ते. तो गाळला तर ब्राउझर धरून चालतो की चित्र स्क्रीनभर रुंद आहे आणि लहान चौकटीसाठीही मोठी फाईल ओढतो. खालच्या कार्डांना लोडिंग लेझी लावा, म्हणजे ते फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच लोड होतात. वरच्या मोठ्या फोटोला लावू नका, जे पहिल्यांदा दिसायला हवं तेच उशिरा येतं.

## ८. सीएसएसमध्ये फोटो आवरा

सगळ्या फोटोंना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो. दोन्ही एकत्र. नुसती रुंदी आवरली आणि हाइट ऑटो विसरलात तर एचटीएमएलमधली उंची तशीच राहते आणि मोबाईलवर फोटो उभा ताणला जातो.

कार्डांमध्ये फोटो एकाच मापात बसवायचे तर विड्थ १०० टक्के, ॲस्पेक्ट-रेशो ३/२ (सीएसएसमध्ये मध्ये तिरकी रेघ) आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर, त्याने फोटो न ताणता चौकट भरतो आणि उरलेला भाग कापला जातो. चेहरा कापला जात असेल तर ऑब्जेक्ट-पोझिशनने वर-खाली सरकवा. पण हे क्रॉपला पर्याय म्हणून वापरू नका, कापलेला भागही डाउनलोड होतोच.

फोटोवर अक्षरं हवी असतील तर ती फोटोत भरू नका, एचटीएमएलमध्ये लिहा. फोटोतली अक्षरं मोबाईलवर बारीक होतात, शोधता येत नाहीत, कॉपी होत नाहीत. अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्यातला कॉन्ट्रास्ट साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ हवा, डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या मार्गदर्शक नियमांचा) डबल-ए स्तर हेच मागतो. फोटोवर अर्धपारदर्शक काळा थर टाकला की बहुतेक वेळा जमतं. आणि देवनागरीला लाइन-हाइट जरा जास्त द्या, १.६ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात.

## ९. अपलोडनंतरची तपासणी

पान सर्व्हरवर टाका आणि एफ१२ दाबा. नेटवर्क टॅबमध्ये कॅश (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाईल वापरणं) बंद करा, पान रीलोड करा. ४०४ (फाईल सापडली नाही) दिसतंय तिथे नाव किंवा रस्ता चुकलाय. वजनाच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात जड फाईल वर आणा. क्रोममध्ये एलिमेंट्स टॅबमध्ये फोटोच्या लिंकवर माउस नेला की दिसणारी साईज आणि मूळ साईज दोन्ही कळतात. मूळ साईज दिसणारीच्या दुप्पट आली तर ठीक, पाच-सहा पट आली तर परत पाचवा टप्पा.

त्याच खिडकीत मोबाईलचं चित्र असलेलं बटण दाबून अरुंद स्क्रीनवर बघा, आणि मग खऱ्या मोबाईलवर पण बघा, वायफाय बंद करून. दोन्हीत फरक पडतो.

फोटो बदलून अपलोड केला तरी जुनाच दिसत असेल तर लगेच परत एडिटिंगला बसू नका. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, ब्राउझरने जुनी फाईल साठवून ठेवलेली असते. आपल्याला नवीन दिसला तरी बाकीच्यांकडे जुनाच राहू शकतो, त्यामुळे बदललेल्या फोटोला नवीन नाव द्या, शेवटी आवृत्तीचा आकडा लावून, आणि एचटीएमएलमध्ये सोर्स आणि सोर्ससेट दोन्हीकडे ते नाव बदला. सोर्ससेटमधलं विसरलात तर बहुतेक ब्राउझर तिथूनच फाईल उचलतात आणि जुनाच फोटो दिसत राहतो.